प्रकाश हवा, उष्मा नको



प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतले पोवळे आठवते. परंतु समुद्रात खडक रचणारा प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे. त्याच्या पेशींत एक सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाडे म्हणून देते. काचेच्या टाकीत असे प्रवाळ पाळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत बराच फोफावला आहे. आपल्याकडे मात्र खडक रचणाऱ्या प्रवाळांना 2001 सालापासून कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे. समुद्रातून ते काढून आणणे हा गुन्हा आहे. तरीही या टाकीची गोष्ट आपण समजून घेण्यासारखी आहे.

शैवालासाठी टाकीवर प्रखर दिवे लावावे लागतात, आणि पंचाईत सुरू होते ती इथेच. प्रवाळांना साधारणपणे 24 ते 27 अंश सेल्सिअस तापमान मानवते. आता हिशेब करू. टाकीत 400 लिटर पाणी आहे आणि वर 250 वॅटचा मेटल हॅलाइड दिवा आहे. त्याची सारी उष्णता पाण्यात उतरली व तिथेच राहिली, तर तापमान तासाला अर्ध्या अंशाहून थोडे अधिक चढेल. काही उष्णता खोलीत जाते, हे खरे. पण दिवे दोन-तीन असतात, आठ-दहा तास जळतात, आणि पाणी फिरविणारे पंपही आपली ऊब पाण्यातच सोडतात.

मग करावयाचे काय? पहिला उपाय, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचूच न देणे. दिवा थोडा उंच टांगावा, टाकीचे झाकण उघडे ठेवावे. एलईडी दिवेही तापतात, पण त्यांची उष्णता मुख्यतः पाठीकडे साठते आणि तेथून ती पंख्याने उडवून लावता येते.

दुसरा उपाय आपल्या माठाचा! पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. 1 लिटर पाण्याची वाफ झाली, तर ती 400 लिटर पाणी सुमारे दीड अंशाने निववून जाते. वाळ्याच्या ताट्या लावून नागपूरचा उन्हाळा काढणाऱ्यांना हे सांगावयास नको. कोकणच्या दमट हवेत मात्र ही युक्ती लंगडी पडते. शिवाय वाफ उडते, मीठ मागे राहते; म्हणून भर घालावयाची ती शुद्ध गोड्या पाण्याची.

तिसरा उपाय शीतयंत्राचा. हे यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही, टाकीतून काढून खोलीत टाकते. ते बंद कपाटात ठेवले, तर स्वतःच गुदमरते. चौथा उपाय बिनखर्ची आहे: दिवे संध्याकाळी लावून रात्री उशिरा मालवावेत. प्रवाळाला दिवसाचा नियमितपणा हवा; तो दिवस आपल्या घड्याळाशी जुळला नाही तरी चालते.

आणि शीतयंत्रच बंद पडले तर? तर सर्वांत आधी दिवे मंद करावेत. पाणी नेहमीच्या कमाल तापमानाहून एखाद-दुसऱ्या अंशाने वर चढून तसेच राहिले, की शैवालाची प्रकाश पचविण्याची शक्ती बिघडते व घातक द्रव्ये तयार होऊ लागतात. मग प्रवाळ भाडेकरूला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही, पण त्याची उपासमार सुरू होते. अशा वेळी प्रखर प्रकाश हा अन्न न राहता विष होतो. नुसत्या उष्णतेपेक्षा उष्णता आणि प्रखर प्रकाश यांची जोडी अधिक मारक असते.

हेच आता समुद्रात घडते आहे. लक्षद्वीपचे प्रवाळ 1998, 2010 आणि 2016 साली पांढरे पडले. 2024 साली तर जगभरच्या चौथ्या प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. टाकीवाल्याच्या हाती पंखा आहे, दिव्याची कळ आहे. समुद्रावरचा सूर्य कोणी मंद करावा? तेथे एकच उपाय उरतो: पाणी तापविणारा धूर आपण कमी करणे. टाकी सांभाळणारा माणूस अर्ध्या अंशासाठी रात्री उठतो. तेवढी जागरूकता समुद्राच्या वाट्याला यावी, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.