तोट्याचे निदान



परीक्षेत चूक कोठे झाली हे परीक्षक ठरवतो, लाल शाईने ती जागा दाखवतो आणि तिची किंमतही गुणांत सांगतो. त्यामुळे पदवी हाती येईपर्यंत विद्यार्थ्याला चूक करण्याचा सराव पुष्कळ असतो, ती शोधण्याचा मात्र जवळजवळ नसतो. नोकरीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण तेथे शोधण्याचे काम वरिष्ठ, लेखापरीक्षक आणि नियमावली यांनी वाटून घेतलेले असते. नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय मांडणाऱ्याच्या वाट्याला केवळ परिणाम येतो: माल पडून राहतो, उधारी थकते, महिनाअखेरीस पगार भागत नाहीत. या परिणामाला तोटा म्हणतात. ताप जसा रोगाचे नाव सांगत नाही तसा तोटाही चुकीचे नाव सांगत नाही, आणि चुकांतून शिकण्याचा जो उपदेश पदवीदान समारंभांतून वर्षानुवर्षे केला जातो, त्यातील खरा अवघड भाग, म्हणजे चूक नेमकी कोणती हे ठरवणे, बहुधा अनुच्चारितच राहतो.

या दृष्टीने उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे, कारण त्याची गौरवगाथा सर्वांना ठाऊक असली तरी त्यातील निदानाचा भाग दुर्लक्षित राहिला आहे. १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले. परंतु काही रंग ओळखू येत नसल्याचे ध्यानात आल्यावर त्यांनी रंगचित्रणाचा नाद सोडून यांत्रिक रेखाटन आत्मसात केले आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापकाची नोकरी मिळवली. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. हा राजीनामा स्वाभिमानाचा होता हे खरेच, पण ती अंधारातील उडी नव्हती. मुंबईत नोकरी चालू असतानाच ते सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा त्या तेथे विकत. व्यवसायाची पहिली परीक्षा अशा रीतीने पगाराच्या सावलीत झाली होती, आणि त्या काळात एखादा व्यवहार फसला असता तरी घराची चूल बंद पडली नसती.

बेळगावात सायकलींच्या दुकानापाठोपाठ कडबा कापण्याची यंत्रे आली आणि नंतर लोखंडी नांगर आला. या नांगराला सुमारे दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही. ही दोन वर्षे चरित्रांतून चिकाटीचा पुरावा म्हणून सांगितली जातात. अभ्यासकाने मात्र तेथे थांबून विचारावे असा प्रश्न वेगळाच आहे. न खपणाऱ्या वस्तूचा अर्थ काय लावायचा? नांगराची घडण सदोष असेल तर तो वितळवून पुन्हा ओतला पाहिजे. किंमत जास्त असेल तर हप्ते बांधून दिले पाहिजेत. आणि शेतकऱ्याच्या मनात वस्तूविषयी भय असेल तर घडण किंवा किंमत कितीही बदलली तरी उपयोग होणार नाही. तिन्ही प्रकारांत वहीत दिसणारा तोटा सारखाच असतो, उपाय मात्र एकमेकांना छेद देणारे असतात. लोखंडाने जमीन विषारी होते ही त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती, आणि अशी समजूत दुकानात बसून दूर होत नाही. जिच्यावर नांगर चालला आहे अशा शेतात पुढच्या हंगामात पीक उभे राहिलेले दिसावे लागते. म्हणजे निदान अचूक असले तरी उपचाराला किमान एक पावसाळा लागणारच होता.

येथे आणखी एक बाब नोंदवण्याजोगी आहे. लाकडी नांगर गावचा सुतार घडवी आणि तोच दुरुस्त करी; त्याचा मोबदला बलुत्याच्या, म्हणजे वर्षाकाठी धान्यरूपाने देण्याच्या, व्यवस्थेतून भागे. कारखान्यातून आलेला नांगर घेणारा शेतकरी या व्यवस्थेबाहेर पडत होता: फाळ, म्हणजे जमिनीत घुसणारे टोक, झिजला तर नवा कोठून आणायचा, हा त्याचा प्रश्न रास्तच होता. त्यामुळे शेतकऱ्याच्या नकाराला केवळ अंधश्रद्धा ठरवून मोकळे होणे हे निदान म्हणून अपुरे आहे. नकार देणाऱ्याकडे बहुधा एखादे शहाणपणाचे कारणही असते, आणि जो उद्योजक त्याला अडाणी समजतो तो आपली सर्वांत स्वस्त शिकवणी गमावतो.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. याला चूक म्हणता येणार नाही, आणि प्रत्येक आपत्तीतून काही धडा काढलाच पाहिजे हा हट्टही निदानाला मारकच असतो, कारण ज्या गोष्टीत आपला दोष नव्हता तिच्यापासून शिकणारा माणूस पुढच्या वेळी भलतीच सावधगिरी बाळगतो. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड, निवडुंगाने भरलेली जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले, आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. बिनव्याजी या शब्दाकडे लक्ष द्यावे. व्याज हे चूक सुधारण्यासाठी लागणाऱ्या वेळेचे भाडे असते, आणि ते भाडे माफ झाले म्हणजे निदान शांतपणे करता येते.

नांगराच्या पुढची पायरी, म्हणजे ट्रॅक्टर, चंदीगडच्या वेशीवरच्या मोहालीत घडली. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत १९६५ च्या सुमारास देशी ट्रॅक्टरच्या आराखड्याचे काम सुरू झाले. ते करणाऱ्या अभियंत्यांपैकी चंद्रमोहन आणि त्यांचे काही सहकारी सरकारी संशोधनसंस्थेतील स्थिर जागा सोडून पंजाबात आले, १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १९७४ मध्ये मोहालीच्या कारखान्यातून ‘स्वराज’ ट्रॅक्टर बाजारात उतरला. जवळच पिंजोरला एचएमटीचा कारखाना चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर आराखड्यावर ट्रॅक्टर बनवत होता, म्हणजे परदेशात आधीच पारखून घेतलेल्या वस्तूशी या देशी यंत्राला सामना करायचा होता. नमुना आणि उत्पादन यांतील फरक येथे स्पष्ट होतो: नमुना म्हणजे कुशल हातांनी, वेळ घेऊन, एकदा बनवलेले यंत्र, उत्पादन म्हणजे तेच यंत्र वेगवेगळ्या कामगारांच्या हातून, बाहेरून आलेल्या सुट्या भागांसह, हजार वेळा तसेच उतरणे. संशोधनसंस्थेतून बाहेर पडणाऱ्यांचा अंदाज येथेच सर्वाधिक चुकतो, कारण नमुना चालला म्हणजे काम संपले असे त्यांना वाटते, प्रत्यक्षात खर्चाचा मोठा भाग त्यानंतरच सुरू होतो. ‘स्वराज’च्या पाठीशी राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ होते, १९७० ते १९७४ ही विक्रीवाचूनची वर्षे एखाद्या कुटुंबाच्या बचतीवर काढता आली असती असे वाटत नाही.

यावरून चुकीचा खर्च कोण सोसतो हा प्रश्न ओघाने येतो, आणि नोकरी सोडणाऱ्या तरुणांशी तो क्वचितच बोलला जातो. १९३२ च्या भागीदारी अधिनियमानुसार चालणाऱ्या पेढीत प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते, म्हणजे पेढीचे देणे त्याच्या घरादारापर्यंत पोचू शकते. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारी आणि २०१३ च्या कंपनी अधिनियमाने एकव्यक्ती कंपनी हे पर्याय दिले, ज्यांत गुंतवणुकीपलीकडचे नुकसान मालकाच्या अंगावर सहसा येत नाही. व्यवहारात मात्र बँक कर्ज देताना मालकाची वैयक्तिक हमी मागते, आणि ती सही झाली की कायद्याने उभारलेली भिंत त्या कर्जापुरती कोसळते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने बुडालेल्या कंपनीचा निकाल ठरावीक मुदतीत लावण्याची सोय केली. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचे एक पीठ चंदीगडमध्येच आहे, आणि उद्योजकतेच्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी तेथील एखादी सुनावणी ऐकली तर त्यांना यशोगाथांच्या चार व्याख्यानांहून अधिक शिकायला मिळेल. व्यवसाय बंद करण्याची पद्धत शिकवल्यावाचून तो सुरू करण्याची पद्धत शिकवणे हे अर्धेच शिक्षण होय.

उरलेल्यांचा पक्षपात ही संख्याशास्त्रातील संकल्पना येथे उपयोगी पडते: जे टिकले त्यांचीच माहिती हाती आल्यामुळे टिकण्याची शक्यता फुगलेली दिसते. बेळगावात लक्ष्मणरावांच्याच काळात दुकान मांडून बुडालेल्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांची चिकाटी कमी होती असे मानण्यास आधार नाही. म्हणून एकाच माणसाच्या आयुष्यात अपयश आणि यश दोन्ही नोंदलेली सापडतात तेव्हा ते उदाहरण अधिक मोलाचे ठरते. नारायण मूर्तींनी १९७६ मध्ये पुण्यात सॉफ्ट्रॉनिक्स नावाची संस्था सुरू केली आणि सुमारे दीड वर्षात ती बंद केली. संगणकप्रणाली विकत घेणारी बाजारपेठच त्या वेळी देशात नव्हती, असे त्यांचे निदान होते. हे निदान बरोबर होते याची खूण अशी की १९८१ मध्ये सहा सहकाऱ्यांसह पुण्यातच इन्फोसिस स्थापन करताना त्यांनी प्रारंभापासून परदेशी ग्राहकांकडे तोंड केले. प्रणाली लिहिण्याचे कौशल्य आधीही होते. बदलले ते गिऱ्हाईक.

या दोन प्रयत्नांमधली वर्षे चरित्रलेखनात घाईने ओलांडली जातात. सॉफ्ट्रॉनिक्स बंद झाल्यावर मूर्ती पुन्हा नोकरीत गेले: पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्सच्या पुणे कार्यालयात त्यांनी काम केले आणि इन्फोसिसचे सहसंस्थापक त्यांना तेथेच भेटले. नोकरीत परतणे ही त्यांच्या बाबतीत माघार नव्हती, पुढच्या उद्योगाची माणसे जमवण्याची ती जागा होती. आणि ती मिळाली याचे श्रेय बुडालेल्या संस्थेच्या माणसाला कामावर घेणाऱ्यांनाही द्यावे लागते. पदवीदानाच्या सभागृहात स्नातकांबरोबर त्यांना नेमणुका देणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधीही उपस्थित असतात. अर्जावर दीड-दोन वर्षे ‘स्वतःचा व्यवसाय, बंद’ अशी नोंद घेऊन एखादा उमेदवार त्यांच्यासमोर बसेल, तेव्हा तो का बुडाला असे विचारून त्याला संकोचात टाकण्यापेक्षा, बुडण्याचे कारण त्याने प्रथम काय समजले होते आणि नंतर ते कसे बदलले, असे त्याला विचारता येईल. ज्याच्याजवळ या दोन प्रश्नांची दोन निराळी उत्तरे असतील, त्याला नेमणूकपत्र देण्यास फार विलंब लावू नये.