पुस्तकांची पेटी

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे : हिशेबाची पुस्तकं वेळच्या वेळी लिहायची. आज मात्र आम्ही दुसऱ्या पुस्तकांविषयी बोलणार आहोत. आमच्या ग्रामसंघानं एक पत्र्याची पेटी घेतली आणि तिच्यात मावतील एवढी पुस्तकं भरली. दर महिन्याला ती पेटी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाते. कधी डोक्यावरून, कधी कुणाच्या गाडीवरून.

ठराव काही सहज झाला नाही. व्याजाच्या पैशातून पुस्तकं घ्यायची म्हटल्यावर एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "तेवढ्यात शेळीच्या पैशात भर पडंल. शेळी दूध तरी देती." प्रश्न रास्त होता. आमच्याकडे पाऊस बेभरवशाचा, बायकांच्या हातात येणारा पैसा मोजका. त्यावर शेवटी असं ठरलं की घेतलेलं पुस्तक घरात, शिलाईच्या मशिनपाशी नाहीतर पोरांजवळ उपयोगी पडलं पाहिजे. नुसतं कपाटात शोभायला एकही नको.

पहिलं घेतलं ते 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि अजून खपतंय. कमलाबाई आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या, आणि शाळा शिकल्या जेमतेम चौथीपर्यंत. त्यांनी प्रमाण दिलंय ते वाटीनं आणि चमच्यानं, म्हणून तराजू नसलेल्या घरातही ते चालतं. आमच्या ज्या गटाला शाळेच्या कार्यक्रमाच्या जेवणाची ऑर्डर मिळते, त्यांनी त्यातली प्रमाणं पन्नास माणसांसाठी वाढवून वहीत उतरवून घेतलीत. मीठ-तिखट मात्र आमच्या हिशेबानं, ते पुस्तकावर सोडत नाही.

नक्षीच्या आणि शिवणाच्या पुस्तकांत पारख लागते. दुकानात चकचकीत पानं बघून भुलायला होतं. आम्ही तीन गोष्टी बघतो : मापं इंचात आहेत का, कारण आमच्या टेपवर आम्ही इंचच वाचतो, नक्षी खऱ्या आकारात छापलीय का, म्हणजे कार्बन ठेवून सरळ कापडावर उतरवता येते, आणि टाका कसा घालायचा ते चित्रात पायरीपायरीनं दाखवलंय का. तिसरी गोष्ट नसेल तर ज्या बाईला भरभर वाचता येत नाही तिला त्या पुस्तकाचा काही उपयोग नाही. गोधडीसाठी आम्ही पुस्तक घेतलंच नाही. आमच्या आज्यांना जेवढं येतं तेवढं कुठल्या पुस्तकात असेल असं आम्हाला वाटत नाही. उलट त्यांच्या वाकळांचे नमुनेच आम्ही चौकटीच्या वहीत काढून ठेवतोय.

वारली चित्रांचं मात्र वेगळं सांगायला हवं. पिशव्यांवर ही चित्रं आपण सगळ्याच काढतो. पण मुळात लग्नाच्या वेळी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं, सुवासिनी काढत त्याच ह्या आकृत्या. पुढे १९७० नंतर डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर काढली आणि जगभर नेली. चेन्नईच्या तारा बुक्सनं वारली चित्रकारांकडून 'डू!' नावाचं मुलांचं पुस्तक करून घेतलं. त्यात शब्द अगदी थोडे, पान भरून माणसं काम करतायत. इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. आमच्या बायका ते बघून म्हणाल्या, ह्यातली बाई आपल्यासारखीच एका वेळी चार कामं करतीय. तेव्हापासून आमच्या पिशव्यांवर नुसता गोल धरून नाच येत नाही. हापशावरची रांगही येते.

आता लहान मुलांची पुस्तकं. ठरावात सगळ्यात जास्त वाद झाला तो ह्यांच्यावर, आणि पेटीतून सगळ्यात आधी हीच बाहेर जातात. माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलाय. लिखाण त्यांचं आणि चित्रंही त्यांचीच. गोष्टीत राक्षस नाही, राजपुत्र नाही, घरातलीच माणसं आहेत. आमच्या एका गटातल्या आक्का अजून अंगठा उठवतात. त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं आणि चित्रावर बोट ठेवून आपली आपण गोष्ट सांगितली. पोरगं पहिलीतलं. ते म्हणालं, "आज्जी, इथं असं नाही लिहिलेलं." मग ते बोट ठेवून वाचू लागलं आणि आक्का त्या बोटाकडे बघू लागल्या. दोन-तीन महिन्यांनी बैठकीत त्यांनी विचारलं, "माझ्या नावातला 'क' आणि कर्जातला 'क' एकच का गं?" कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय ते न कळता अंगठा द्यावा लागतो, ह्याची त्यांना किती वर्षं बोच असेल, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. आता त्या सही गिरवतायत. अजून वेडीवाकडी येते.

म्हणून आमचं मत असं की चित्रांची पुस्तकं 'पोरांची' म्हणून बाजूला टाकू नका. मोठ्या बाईला पहिलीचं पाठ्यपुस्तक हातात धरायला लाज वाटते, पण नातवंडाच्या गोष्टीच्या पुस्तकाला कोण नावं ठेवणार? पैसे नसतील तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' फोनवर उघडा. त्यावर मराठी गोष्टी फुकट आहेत, सोप्या ते अवघड अशा चार पातळ्यांत लावलेल्या, आणि छापून घ्यायलाही परवानगी आहे. पहिल्या पातळीवर एका पानावर एखाददुसरंच वाक्य असतं.

घरसंसार आणि मुलांचं संगोपन ह्यासाठी पेटीत अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' आहे. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, आणि तिथून शिकून त्या ताराबाई मोडकांबरोबर आदिवासी मुलांच्या बालवाड्यांत उभ्या राहिल्या. अंगणवाडीताईंनी हे जरूर वाचावं. पुस्तक जरा मोठं आहे, म्हणून आमच्याकडे एकजण मोठ्यानं वाचते आणि बाकीच्या शेंगा फोडतात.

आपल्याच जिल्ह्यात भिलार हे पुस्तकांचं गाव आहे, २०१७ साली सुरू झालेलं. लोकांच्या घरात बसून वाचायचं, पैसे पडत नाहीत. आम्ही तिथं जाऊन आलो ते विकत घेण्याआधी चाळून बघायला. तुम्हीही तसं करा, नाहीतर तालुक्याच्या वाचनालयात बसून बघा.

पेटीला एक वही आहे. कोणी काय नेलं, कधी आणलं, एवढंच लिहायचं. उशिराला दंड एक रुपया. फाटलं तर दंड नाही. गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवायचं. शेळीवाल्या मावशींनी दोन पुस्तकं नेलीत, तारीख उलटून गेलीय, आणि दंडाचा रुपया त्यांनी आधीच पाठवून दिलाय.