एकाच चाचणीचे दोन भाव



सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाचे आंबे, केळी, सीताफळे हुबेहूब रंगवून मांडून ठेवलेली दिसतात. तेथील कारागीर एका नमुन्याचे फार तर पन्नास-शंभर नग करतो आणि मग हात दुसऱ्या नमुन्याकडे वळवतो. याउलट, मोठा कारखाना एकाच साच्यातून एकाच बाहुलीचे लाखभर नग काढतो. उद्या शासनाने फर्मावले की, प्रत्येक नमुन्याची प्रयोगशाळेत चाचणी झाल्यावाचून खेळणे विकता येणार नाही, आणि समजा, एका चाचणीस दहा हजार रुपये पडले, तर कारखान्याच्या बाहुलीवर दहा पैसे चढतात. पन्नास नग करणाऱ्या कारागिराच्या आंब्यावर मात्र दोनशे रुपये चढतात. नियम एकच आणि कायद्याच्या दृष्टीने दोघेही समान. तरीही एकाला हा नियम हिशेबाच्या वहीत शोधावा लागतो, तर दुसऱ्याला त्यापायी दुकान बंद करावे लागते.

हा भार शासकीय यंत्रणा मोजतात का, आणि मोजत असतील तर कोणत्या तराजूत, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वरील हिशेब काल्पनिक असला, तरी अमेरिकेत २००८ साली जवळजवळ हेच घडले. त्याची पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. मिनियापोलिस येथे २००६ साली चार वर्षांचा एक मुलगा शिशाचे छोटेसे पदक गिळून मरण पावला. ते पदक बुटांबरोबर भेट म्हणून मिळाले होते. पुढच्याच वर्षी चीनमध्ये बनलेल्या खेळण्यांच्या रंगात शिसे सापडू लागले आणि मॅटेल या विख्यात कंपनीला लाखो खेळणी परत मागवावी लागली. आईबापांचा संताप रास्त होता. अमेरिकी काँग्रेसने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा कायदा प्रतिनिधिगृहात ४२४ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केला, आणि १४ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली. रंगातील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ६०० वरून ९० भागांवर आली. मुलांच्या प्रत्येक वस्तूची चाचणी त्रयस्थ प्रयोगशाळेतून करून घेणे बंधनकारक झाले.

हेतूविषयी कोणी शंका घ्यावी असे यात काही नव्हते. पण ‘मुलांची वस्तू’ या दोन शब्दांत काय काय येते, याचा विचार मतदान करणाऱ्यांनी केला होता काय? त्यात लाकडाची गाडी करणारा सुतार आला, घरी बसून झबली-टोपडी शिवून विकणारी गृहिणी आली. १९८५ पूर्वी छापलेल्या बालपुस्तकांच्या शाईविषयीही शंका निघाली आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांनी ती पुस्तके फळीवरून उतरवली! शिशाची पहिली मर्यादा १० फेब्रुवारी २००९ पासून लागू होणार होती. लहान उत्पादकांनी त्या तारखेला ‘राष्ट्रीय दिवाळखोरी दिन’ असे नाव दिले. शेवटी अंमलबजावणी करणाऱ्या आयोगालाच चाचणीच्या बऱ्याचशा अटी वर्षभर स्थगित कराव्या लागल्या.

यातील खरा विपर्यास पुढेच आहे. उत्पादकाची प्रयोगशाळा कंपनीच्या दबावापासून अलिप्त असल्याचे सिद्ध झाल्यास तिला मान्यता देण्याची तरतूद या कायद्यात होती. २००९ च्या ऑगस्टमध्ये मॅटेलच्या स्वतःच्या प्रयोगशाळांना अशी मान्यता मिळाली. म्हणजे जिच्या खेळण्यांमुळे कायद्याची मागणी जोर धरू लागली, ती कंपनी घरच्या प्रयोगशाळेत चाचणी करू लागली, आणि ज्याने आयुष्यात शिशाला हात लावला नाही, तो सुतार बाहेरच्या प्रयोगशाळेचे बिल भरत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळे काय असते? (कंपनीने कायद्यातील सवलत कायदेशीरपणेच घेतली, हे नमूद केले पाहिजे. सवलत घेण्याची ऐपत कोणाकडे होती, एवढाच येथे मुद्दा आहे.)

आश्चर्य असे की, नियमाचा भार मोजण्याविषयीचा स्वतंत्र कायदा ज्या देशात तेव्हा अठ्ठावीस वर्षे अस्तित्वात होता, त्याच देशात हे घडले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९ सप्टेंबर १९८० रोजी ‘रेग्युलेटरी फ्लेक्सिबिलिटी ॲक्ट’ या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याचा आशय साधा आहे. कोणत्याही शासकीय यंत्रणेने नियमाचा मसुदा प्रसिद्ध करताना तो किती लहान उद्योगांना लागू होईल, त्यांना कोणती कागदपत्रे ठेवावी लागतील आणि तेच उद्दिष्ट कमी भारात साधण्याचा दुसरा मार्ग आहे काय, याचे लेखी विश्लेषण सादर करावे. मसुद्यावर हरकती आल्यानंतर अंतिम नियमाबरोबर दुसरे विश्लेषण द्यावे. नियमाला दहा वर्षे पूर्ण होण्याच्या आत त्याची फेरतपासणी करावी. शिवाय लघुउद्योग प्रशासनात १९७६ पासून एक वकिली कार्यालय आहे. त्याचा प्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमतात, आणि त्याचे काम म्हणजे आपल्याच शासनाच्या इतर खात्यांना पत्र लिहून ‘तुमचा हिशेब चुकला’ असे जाहीरपणे सांगणे. सरकारी तिजोरीतून वेतन घेऊन सरकारशीच भांडणारा हा अधिकारी कोणालाही हेवा वाटावा असा आहे.

तथापि या कायद्यात एक पळवाट आहे. नियमाचा ‘लक्षणीय संख्येच्या’ लहान उद्योगांवर ‘मोठा आर्थिक परिणाम’ होणार नाही, असे प्रमाणपत्र यंत्रणेच्या प्रमुखाने दिले की विश्लेषणाची गरज उरत नाही. लक्षणीय म्हणजे किती आणि मोठा म्हणजे केवढा, याची व्याख्या कायद्यात नाही. त्यातच पहिली सोळा वर्षे या कायद्याच्या पालनाविषयी न्यायालयात स्वतंत्रपणे दाद मागण्याची सोय नव्हती. परीक्षा घेणारा आणि देणारा एकच असल्यावर निकाल काय लागणार?

१९९६ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकीर्दीत हा दरवाजा उघडला आणि लहान उद्योगांना न्यायालयात जाता येऊ लागले. लगेच १९९७ साली एक बोलके प्रकरण उभे राहिले. सागरी मत्स्य खात्याने अटलांटिक किनाऱ्यावरील मोठ्या शार्क माशांच्या पकडीचा वाटा निम्म्याने कमी केला आणि मच्छीमारांवर मोठा परिणाम होणार नाही, असे प्रमाणपत्र जोडून दिले. धंद्याचा निम्मा माल गेला, तरी परिणाम नाही! हे साधले कसे? खात्याने ज्यांच्या हाती परवाना आहे त्या सर्वांना छेदस्थानी धरले. त्यांतील बहुतेकजण शार्क पकडतच नव्हते. जे खरोखर त्या माशावर जगत होते, त्यांची संख्या त्या गर्दीत विरघळून गेली. फ्लोरिडातील संघराज्य न्यायालयाने १९९८ साली हा हिशेब अमान्य केला आणि खात्याला पुन्हा विश्लेषण करायला लावले. शार्कचे रक्षण करू नका, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. कोणाच्या पोटावर पाय पडतो ते प्रामाणिकपणे मोजा, एवढेच त्याचे सांगणे होते.

सर्वच निकाल असे लागले नाहीत. १९९९ साली हवेच्या शुद्धतेच्या मानकांविषयीच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने पर्यावरण संस्थेची बाजू उचलून धरली. मानक संस्थेने ठरवले, तरी प्रत्यक्ष बंधने राज्ये घालणार. म्हणून लहान उद्योगांवर मानकाचा थेट परिणाम नाही, हा युक्तिवाद मान्य झाला. थेट परिणाम तेवढाच मोजायचा, ही भूमिका १९८५ पासून तेथील न्यायालये घेत आली आहेत. ती कायद्याला धरून असेलही, पण धक्का मधल्या पायरीवरून आला म्हणून खाली पडणाऱ्याला कमी लागत नाही.

आता खेळण्यांकडे परत जाऊ. १९८० चा कायदा बांधतो तो शासकीय यंत्रणांना, संसदेला नव्हे. त्रयस्थ चाचणीची अट काँग्रेसने स्वतःच कायद्यात लिहिली होती, त्यामुळे ती तराजूत कधी पडलीच नाही. १९९६ च्या सुधारणेने मसुदा प्रसिद्ध होण्यापूर्वीच लहान उद्योजकांना समोर बसवून त्यांचे म्हणणे ऐकण्याची पद्धत घातली. पण ती पर्यावरण संस्था व कामगार-सुरक्षा प्रशासन या दोघांपुरती होती. २०१० साली वित्तीय ग्राहक संरक्षणाचे कार्यालय त्यात आले. खेळण्यांचा आयोग त्यात नाहीच. २०११ साली चाचणीचे सविस्तर नियम करताना आयोगाने विश्लेषण केले, आणि या नियमांचा असंख्य लहान उद्योगांवर मोठा प्रतिकूल परिणाम होईल, अशी स्वच्छ कबुलीही दिली. कबुली देऊन नियम केले. कायदाच तसा होता, आयोग तरी काय करणार?

तोडगा काँग्रेसलाच काढावा लागला. १२ ऑगस्ट २०११ रोजी दुरुस्ती झाली. ज्याची वार्षिक विक्री दहा लाख डॉलरच्या आत आहे आणि जो एका नमुन्याचे साडेसात हजारांहून अधिक नग करत नाही, त्याला आयोगाकडे नोंदणी केल्यावर अनेक त्रयस्थ चाचण्यांतून सूट मिळाली. परंतु सर्व चाचण्यांतून नव्हे! रंगातील शिसे, गिळता येतील असे लहान भाग, मुलांचे धातूचे दागिने, पाळणे, चोखण्या यांच्या चाचण्या लहानमोठ्या सर्वांना कायम राहिल्या. त्याच वर्षी आयोगाने आणखी एक वाट मोकळी केली. रंगाच्या उत्पादकाने आपल्या रंगाची चाचणी करून दाखला दिला, तर तो रंग वापरणाऱ्या खेळणीवाल्याला रंगासाठी वेगळी चाचणी नको. एक डबा तपासला की त्यातून रंगलेली शंभर प्रकारची खेळणी तपासल्यासारखीच. न रंगवलेल्या लाकडाला तर आयोगाने २००९ सालीच शिशाच्या चाचणीतून वगळले होते.

ही सारी वाट आधी न चालता तीन वर्षांनी चालली गेली, आणि मधल्या काळात ज्यांनी धंदा गुंडाळला त्यांना ती उपयोगी पडली नाही. पण वजन करणे म्हणजे काय, ते यातून कळते. लहानाला सूट द्यायची की नाही, एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर चुकते. विषारी रंग लहान कारागिराच्या हातून आला म्हणून मुलाला सोसवत नाही. प्रश्न असा विचारायला हवा की, साखळीतील कोणत्या कडीवर चाचणीचा भार घातला असता मूलही सुरक्षित राहील आणि कारागीरही.

आपल्या देशाने हाच प्रश्न २०२० साली सोडवायला घेतला. आयात खेळण्यांच्या नमुन्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नमुने चाचणीत नापास झाल्याचे भारतीय गुणवत्ता परिषदेच्या पाहणीत दिसून आले होते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर मानक चिन्ह सक्तीचे झाले. आदेश निघाला तेव्हा उल्लंघनासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात होती. निकृष्ट परदेशी मालाला पायबंद घालणे आवश्यकच होते, आणि ते धैर्य दाखवले हे चांगलेच झाले. डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्ती करून हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांची आणि चन्नपट्टणसारख्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या ठिकाणांची खेळणी आदेशातून वगळण्यात आली. सूक्ष्म उद्योगांना स्वतःच्या प्रयोगशाळेची अटही काही काळ शिथिल झाली.

सहानुभूती दिसते; तराजू दिसत नाही. नोंदणी असलेल्या चिताऱ्याला संपूर्ण सूट, अगदी रंगातील शिशापासूनही. बचत गटात कापडी बाहुल्या शिवणाऱ्या, पण कारागीर म्हणून नोंद नसलेल्या स्त्रीला मात्र आदेश लागू. एकीच्या डोक्यावर सगळा भार आणि दुसऱ्याच्या डोक्यावर काहीच नाही. वास्तविक योग्य कडी आपल्याकडे आधीच सापडली होती. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षास ९० भाग, असा नियम २०१६ सालीच झाला असून तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. भार रंगाच्या कारखान्यावर आहे, आणि तो तेथेच पेलवतो. डब्यावरचा दाखला खेळण्याला पुरेसा मानण्याचा विचार येथेही होऊ शकतो.

‘सूक्ष्म’ या शब्दाचे मापही तपासण्याजोगे आहे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म ठरतो. चितारआळीतील एका खोलीचे दुकान आणि दहा कोटींचा कारखाना एकाच पंक्तीत! अनेक गुणवत्ता आदेशांत सूक्ष्म उद्योगांना सहा महिने आणि लघुउद्योगांना तीन महिने जादा मुदत मिळते. पण चाचणीचे दहा हजार रुपये सहा महिन्यांनीही दहा हजारच राहतात.

नियमापूर्वी लोकांना विचारण्याची पद्धत आपल्याकडे अगदीच नाही असे नव्हे. २०१४ सालच्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार प्रत्येक मसुदा किमान तीस दिवस जनतेपुढे ठेवावा आणि त्याचा बाधितांच्या जीवनावर व उपजीविकेवर काय परिणाम होईल, तेही सांगावे, असे ठरले. परंतु ते धोरण आहे, कायदा नव्हे. पाळले नाही तर नियम रद्द होत नाही, आणि खात्यांना त्यासाठी खडसावणारे स्वतंत्र कार्यालयही नाही. दुसरीकडे, व्यापारावर परिणाम करणाऱ्या मानकांचे मसुदे जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार जिनिव्हाला कळवावे लागतात आणि त्यांवर अन्य देशांना मत देण्यासाठी साठ दिवसांची मुदत ठेवण्याचा संकेत आहे. शेन्झेनच्या कारखानदाराला आपल्या सरकारमार्फत हरकत घेता येते. सावंतवाडीच्या चिताऱ्यासाठी तो मसुदा मराठीत करून चितारआळीत नेऊन वाचून दाखवणे हे कोणत्याही खात्याचे काम म्हणून नेमून दिलेले नाही.