सळई किती ताणली जाते?



पोलादाच्या चाचण्यांवरची ही परिषद किल्लारीत भरते आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथली जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर-उस्मानाबादेतली हजारो माणसं गेली. दगड कठीणच होता. भिंतींना एकमेकींशी बांधून धरणारं काही नव्हतं.

आज घराला बांधून धरण्याचं हे काम सळई करते, म्हणून तिचं पोलाद नीट तपासायला हवं. स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० मध्ये पोलादावर कठीण गोळी दाबून खळगा मोजण्याची पद्धत जगापुढे ठेवली. साध्या कार्बन पोलादाचा, खळग्यावरून काढलेला ब्रिनेल आकडा सुमारे ३.४५ नं गुणला की ताणबल मेगापास्कलमध्ये मिळतं. १५० ला जवळपास ५२०. खळगा पडतानाही पोलाद कायमचं सरकतं, म्हणून हे नातं जुळतं. तुकडा न तोडता ताकदीचा अंदाज येतो, ही मोठीच सोय.

टीएमटी सळईत मात्र जपून. मिलमध्ये तापलेल्या सळईवर पाण्याचा मारा होतो, बाहेर कठीण कडं तयार होतं, गाभा त्या मानानं मऊ राहतो. सळई आडवी कापून, घासून, नायटल हे आम्लद्रावण लावलं की हे कडं गडद उमटतं. या कड्यावर मोजलेला आकडा सगळ्या सळईची ताकद फुगवून सांगतो.

आणि सळई तुटण्याआधी किती लांबते, हे त्या गुणाकारातून कळतच नाही. आपल्या भागाला तेच जाणून घ्यायचं आहे. आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे एफई ५०० प्रतीच्या सळईची लांबी किमान १२ टक्के वाढावी लागते, एफई ५०० डी ची १६. भूकंपासाठीचं आयएस १३९२० तर १४.५ टक्क्यांहून अधिक मागतं. म्हणजे साध्या ५०० ची किमान अट पुरी करणारी सळई इथल्या खांबात कमी पडू शकते. सळई लांबली तर घर तडकेल, वाकेल, पण आतल्या माणसांना बाहेर पडायला अवधी मिळेल. दुकानात भाव आणि वजन सगळे विचारतात, ‘डी’ फार थोडे विचारतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारी दोन्ही प्रतींच्या सळया यंत्रावर ओढून तोडून दाखवणार आहेत. मिस्त्रींनी तेव्हा पुढच्या रांगेत बसावं, हातात घेऊन तुटलेली टोकं पाहावीत आणि अभियंत्यांना मोकळेपणानं प्रश्न विचारावेत. आता अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.