बंद पडलेला फ्रिज आणि चालू असलेला हप्ता



ग्राहकांचा प्रश्न म्हणजे सुखवस्तू मंडळींचा फावल्या वेळचा उद्योग, असा एक समज आपल्या चळवळीत दीर्घकाळ रूढ होता. तो टाकून द्यावयास हवा. धुण्याभांड्यांची कामे करणारी बाई मासिक हप्त्यावर फ्रिज घेते आणि दोन महिन्यांत तो गार होईनासा होतो. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी सेवाकेंद्राकडे. हप्ता मात्र तिसऱ्याच वित्तसंस्थेचा. तो एक दिवसही थांबत नाही.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र केंद्रीय कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. सध्याचा कायदा २०१९ चा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दुकानात अजूनही दिसते. कायद्याप्रमाणे मात्र सदोष वस्तू बिलातील मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील! ग्राहक राहतो वा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही.

अडते ते पुराव्यापाशी. दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. परंतु त्या चाचणीची फी आधी तक्रारदारालाच भरावयास सांगितली जाऊ शकते. निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात. रोजचा खाडा करून तेथे उभे कोणी राहावयाचे?

येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. बिल व वॉरंटीचे कार्ड जपून ठेवावयास सांगा. कारागीर आला की त्याने काय पाहिले, काय बदलले, हे तारखेसह लिहून घ्या; तोंडी आश्वासन आयोगापुढे टिकत नाही. मात्र हप्ता बंद करा, असा सल्ला उत्साहाच्या भरात देऊ नका. कर्जाचा करार निराळा असतो आणि दंडाचा भार तिच्याच माथी बसतो. एकाच वस्तूची तीच तक्रार वस्तीत अनेकांची असेल, तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच अर्ज करता येतो. त्यासाठी प्रथम घरोघरची बिले एकत्र मांडून पाहावी लागतील.