नकाशावर महाड कुठाय?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी उचलतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. विद्वानाचं भाषण माझ्याकडून होणार नाही.

आपल्या पोरांनी शाळेत महाराष्ट्राच्या इतिहासाचा सचित्र नकाशा काढलाय. हात झकास आहे पोरांचा. पण नीट बघा. नागपूरवर संत्रं. कोल्हापूरवर चप्पल. मुंबईवर गेटवे. आणि रायगड एवढा थोरला, की शेजारचं महाड त्याच्या तटाखाली गडप.

रायगडाशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते झाकलेल्या जागेशी. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव पास झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! घसे कोरडेच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले. मग काठ्या पडल्या. तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' झालं. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं!

एका पोरीनं हे तळं काढलं होतं. गुरुजींनी त्यावर पांढरा कागद डकवला. म्हणे, शाळेत राजकारण नको. का हो गुरुजी, किल्ला घेतला की इतिहास आणि पाणी घेतलं की राजकारण?

चप्पल आली, ती शिवणारा कुठाय? १९०२ साली कोल्हापुरात निम्म्या जागा मागासांना राखणारे शाहू महाराज कुठायत? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी धम्म घेतला, तिथं नुसतं संत्रं? अजिंठ्याची लेणी आली, आत बुद्ध नाही.

आणि आमची गोदी? १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकात 'फोर्ट स्टिकीन' बोट फुटली. बंबवाले ६६ मेले. एकूण माणसं किती गेली, आकडे अजून जुळत नाहीत. हमालाची मोजदाद कोण ठेवतो?

पोरांना दोष देऊ नका. पुस्तकात जे असतं तेच त्यांच्या हातून उतरतं. तेव्हा रविवारी विहारात मोठा कागद अंथरू. पोरांनी आपापल्या आजीला विचारून यायचं : गाव कुठलं, पाणी कुठून भरायचीस, गाव का सोडलंस? ते सगळं गडांच्या शेजारी मांडू.

त्याआधी उद्या पाचजण शाळेत जाऊ. गुरुजींशी नीट बोलू, आवाज चढवायचा नाही. पण तो पांढरा कागद निघाल्याशिवाय उठायचंही नाही.

जय भीम!