माहेरची बाग

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानाला विषय कोणता घेऊ, असं मी फोनवर विचारलं, तेव्हा मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला सांगितलं, "ताई, तुम्ही इथल्या माहेरवाशीण. बडोद्याबद्दल काहीही बोला, पण 'आमच्या वेळी असं नव्हतं हो' एवढं तेवढं नको. ते आम्ही घरी रोज ऐकतो आणि रोज बोलतो." तुम्ही हसलात, म्हणजे तुमच्याही घरी तेच चालतं! तरी मी आज कमाटीबागेबद्दल बोलणार आहे. ती बदलली आहे, हेही सांगणार आहे. मात्र त्यातलं कशाबद्दल हळहळायचं आणि कशाबद्दल नाही, याचा जरा हिशेब मांडावा असं मनात आहे.

लग्न होऊन मी नाशिकला गेले. पुढे लग्नकार्यांना, आजारपणांना बडोद्याला येणं व्हायचं. बागेत जायला सवड मिळत नसे. आई-वडील गेल्यावर तेही येणं थांबलं. गेल्या हिवाळ्यात भाचीकडे आले, तेव्हा तिच्या दोन मुलांना घेऊन बऱ्याच वर्षांनी काळ्या घोड्यापाशी उतरले आणि बागेत शिरले. "चला, आंटा मारून येऊ," असं म्हटलं, आणि नाशिकमध्ये इतकी वर्षं न वापरलेला हा बडोदेरी शब्द तोंडात आपोआप आला, याचं माझं मलाच नवल वाटलं.

आता बदललं काय, ते सांगते. पहिली गोष्ट गाडी. माझ्या वयाच्या माणसांना कमाटीबाग म्हटलं की आधी आठवते ती छोटी आगगाडी. दहा इंचांच्या रुळांवर धावणारी. मोठं माणूस बसलं की त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे. मुळात ती राजवाड्यातल्या मुलांसाठी आणलेली. लक्ष्मीविलासच्या आवारात, आमराईच्या कडेने फिरायची. 1950 नंतरच्या दशकात गायकवाड घराण्याने ती शहरातल्या मुलांसाठी बागेला दिली. राजपुत्राच्या बाकावर आम्ही दांडियाबाजारातली, रावपुऱ्यातली पोरं बसायचो आणि आपण कुठे बसलोय हे आम्हाला कळायचंसुद्धा नाही. ती गाडी आता बागेत नाही. तिचं इंजिन डागडुजी करून राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंगराव संग्रहालयापाशी ठेवलं आहे. बागेत पुढे मोठी, नवी गाडी आली. मुलांना नव्याचंच कौतुक. "आजी, तुमची गाडी एवढीशीच होती?" असं त्यांनी मला विचारलं. हो, एवढीशीच होती.

दुसरं प्राणिसंग्रहालय. लहानपणी वाघ दाखवायला वडील मला खांद्यावर घ्यायचे. जाड गज, मागे सिमेंटची अंधारी खोली, आणि त्या चार पावलांच्या जागेत इकडून तिकडे येरझारा घालणारा वाघ. तेव्हा मजा वाटायची. आता जनावरांना मोकळी आवारं आहेत. पक्ष्यांच्या भल्यामोठ्या जाळीघरात तर आपणच आत शिरायचं आणि पक्षी आपल्या डोक्यावरून उडणार. वाघ शोधावा लागतो. कधी झुडपाआड असतो, दिसतच नाही. धाकटा कुरकुरला. मी त्याला म्हटलं, "त्याची मर्जी झाली की येईल बाहेर." आमच्या वेळच्या वाघाला मर्जी नव्हती. या बदलाबद्दल मी हळहळणार नाही.

तिसरी गोष्ट बदललीच नाही. संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा जागच्या जागी आहे. सत्तर फुटांहून लांब. मुलं त्याच्या जबड्यापासून शेपटीपर्यंत पावलं मोजत गेली, जशी आम्ही मोजायचो. मला लहानपणी वाटायचं की हा मासा बागेइतकाच जुना, कदाचित बाग त्याच्याभोवतीच वसवली असावी! प्रत्यक्षात तो 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आला. म्हणजे माझी आई तरुण होती तेव्हा तो बडोद्यात नवा होता, आणि लोक तो 'नवीन मासा' बघायला गर्दी करत असणार.

इथेच मी जरा थांबले. घरी आल्यावर मी बागेचा इतिहास पुन्हा चाळला. बाग लोकांसाठी खुली झाली 1879 साली. सयाजीराव महाराज तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. सर्वाधिकार मिळायला त्यांना 1881 साल उजाडावं लागलं. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत. संग्रहालयाची इमारत पुरी झाली 1894 साली. चित्रदालनाचं बांधकाम 1908 ला सुरू झालं, 1914 ला संपलं. पण महायुद्ध पेटलं आणि युरोपातून यायची चित्रं तिकडेच अडकली, म्हणून दालन उघडायला 1921 साल लागलं. दारातला काळा घोडाही बागेनंतरचा. मग देवमासा, मग गाडी, मग फुलांचं घड्याळ, मग तारांगण.

ज्याला आपण 'मूळची कमाटीबाग' म्हणतो, ती प्रत्येकाच्या लहानपणी होती तशी असते, एवढंच. माझ्या आजोबांच्या बागेत गाडी नव्हती. संस्थानी काळातला बँड त्यांना आठवे, आणि गाडी आल्यावर त्यांनी नक्की म्हटलं असणार की बागेची शांतता गेली. बाग दर पिढीला थोडी बदलत आली आहे. म्हणून 'बदलली' एवढंच म्हणून आपलं भागणार नाही. ती कशासाठी केली होती आणि ते काम ती अजून करते का, हे बघावं लागेल.

कशासाठी केली होती? राजाच्या खाजगी आमराईला शहरात तोटा नव्हता. ही बाग प्रजेसाठी होती. ज्या संस्थानाने 1906 मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, त्याच संस्थानाने बागेत संग्रहालय उभारलं. फिरायला आलेल्या माणसाने ममी बघावी, धातुमूर्ती बघाव्यात, युरोपातली चित्रं बघावीत, आणि घरी जाताना थोडं शहाणं होऊन जावं, हा त्यामागचा विचार.

या बागेतली एक संध्याकाळ आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली पाहिजे. 1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले. करारानुसार नोकरी करायला ते 1917 च्या सप्टेंबरात बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. ते उघडकीला आलं आणि काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. दोन ओळखीच्या माणसांकडे विचारलं, दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास काढायचे कुठे? कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानच्या सेवेतला तो अधिकारी कमाटीबागेत येऊन बसला. त्यांनी स्वतःच ही हकीकत पुढे लिहून ठेवली आहे. त्या तासांत आपल्या आई-वडिलांची आठवण झाली, असंही त्यात आहे. बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि 23 सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसं येतात.

तेव्हाचं बडोदं मराठी राजाचं होतं. कचेऱ्यांत मराठी माणसं भरलेली होती. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा त्याच कचेऱ्यांत होते. बाबासाहेबांना शहरात एक खोली मिळाली नाही. त्या दिवशी त्यांना बसायला मिळालं ते फक्त या बागेत, कारण तिथे कोणी जात विचारायला बसलेलं नव्हतं. बागेचा अभिमान बाळगायचा तर ही संध्याकाळही आपल्याकडे ठेवून घ्यावी लागेल. नुसत्या आगगाडीच्या आठवणी सांगून चालणार नाही.

आज बागेत कोण असतं, ते मी मुद्दाम बघत होते. बुरखा घातलेल्या आया पोरांना झोके देत होत्या. विद्यापीठातली मुलंमुली होती, त्यांतली काही पार ईशान्येकडची. फाइन आर्ट्सची दोघं-तिघं मांडीवर वही घेऊन माकडांची चित्रं काढत होती. बांधकामावर काम करणारं एक कुटुंब शिदोरी सोडून बसलं होतं, आणि बागेत शिरायला त्यांना तिकीट लागलं नव्हतं. प्राणी बघायचे, संग्रहालय बघायचं तर पैसे; पण झाडाखाली बसायला नाही. हे जोवर टिकून आहे, तोवर बाग आपलं मूळ काम करते आहे असं मी म्हणेन. उद्या कोणी ठरवलं की दारातच तिकीट लावू या, म्हणजे 'चांगली' माणसं येतील, तर त्याला विरोध करणाऱ्यांत आपल्या मंडळाचं नाव पहिलं असायला हवं.

खरी हळहळ वाटली ती दोन गोष्टींची.

एक म्हणजे नदी. विश्वामित्री बागेतूनच जाते. आमच्या लहानपणी पुलावर उभं राहून मगर दिसते का म्हणून बघत राहायचो. मगरी आजही आहेत, पण पाणी बघवत नाही. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात नदी पस्तीस फुटांच्या आसपास गेली, शहराच्या कितीतरी भागांत पाणी शिरलं आणि मगरी वस्तीत सापडल्या. तुम्ही ते भोगलं आहे, मी सांगायला नको. एवढंच म्हणते की पावागढाकडून येणाऱ्या या नदीला शहरात पसरायला मोकळी माती फार थोड्या ठिकाणी उरली आहे, आणि शंभर एकरांहून मोठी ही बाग त्यांतलीच एक. तिथे आणखी फरशी, आणखी काँक्रीट नको. सुशोभीकरणाचा आराखडा येईल तेव्हा आधी हे विचारा की माती किती उरणार.

दुसरी हळहळ आपली, घरातली आहे. दीड तासात बागेत मला मराठी एकदाच ऐकू आलं. एक आजी नातवाला म्हणत होत्या, "अरे, हात सोडू नकोस." आणि तो गुजरातीत म्हणत होता की मला फुगा पाहिजे. दोघांना एकमेकांचं अगदी नीट कळत होतं! यात दुःख करण्यासारखं काही नाही. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. सेवउसळ या शहराने आपलीशी केली, तसं आपल्या मुलांना गुजरातीने आपलंसं केलं. पण आपले पूर्वज या शहरात कसे आले, बाग कोणी केली, संग्रहालय कशासाठी उभं राहिलं, हे त्या मुलाला कोणी सांगितलं असेल का, अशी मला शंका आली. नसेल, तर त्याच्यासाठी ती गाडी, झोके आणि आइस्क्रीमची जागा आहे. तशा जागा आता कुठल्याही शहरात मिळतात, आणि बागेपेक्षा मॉलमध्ये गारवा जास्त असतो.

माझ्या भाचीच्या मुलांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं. देवमासा महीतून आला म्हटल्यावर मोठा चटकन म्हणाला, "मग आपण मही बघायला जाऊ!" मुलं ऐकायला तयार असतात. सांगणारं माणूस शेजारी चालत असावं लागतं.

म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. महिन्यातला एक रविवार ठरवा. सकाळी सातला काळ्या घोड्यापाशी जमायचं. पाच-सहा आजी-आजोबा आणि येतील तेवढी मुलं. मंडळाचा बॅनर नको, भाषण नको. एका रविवारी फक्त झाडं: नावं मराठीत आणि गुजरातीत. एका रविवारी चित्रदालन. एका रविवारी संकल्पभूमी, आणि तिथे ती 1917 ची संध्याकाळ न गाळता सांगायची. पावसाळ्यात पुलावरून नदी दाखवायची. मुलं गुजरातीत बोलली तरी बोलू द्या. तुम्ही मराठीत सांगा. आजीचं त्या नातवाला कळत होतंच ना? शेजारच्या पोरांनी यायचं म्हटलं तर त्यांनाही घ्या.

आणि दुसरी विनंती ज्येष्ठांना. ज्या गाडीत तुम्ही बसलात, ज्या वाघाला भ्यालात, त्याबद्दल एकेक पान लिहा, जुना फोटो असेल तर शोधा, आणि पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेला द्या. मागे सन लिहायला विसरू नका; आपल्याकडच्या फोटोंना सनच नसते.

मी आता वर्षातून एकदा तरी येत जाईन. पहिला रविवार कधी ठरतो ते मला कळवा, मी त्या बेताने तिकीट काढते.  गणपती बाप्पा मोरया.